जंगलातला गोळाभात

माझ्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पंधरा दिवस वाचायची बंदी घातली. डावा डोळा आधीच नावापुरता उरलेला. टीव्हीही पाहू नका म्हणाले. टीव्हीचं मला काही वाटलं नाही, त्यातल्या सासवा बारा महिने भरजरी साड्या नेसून कट करत बसतात, कोणी भाजी निवडताना दिसत नाही. पण वाचायचं नाही म्हणजे दिवसभर करायचं तरी काय? दोन दिवस मी घरातल्या सगळ्यांवर यथेच्छ चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी दुपारी धाकटे दीर आले. वयानं ते माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठे, नात्यानं धाकटे, म्हणून जन्मभर मी त्यांना भाऊजी म्हणत आले आणि ते मला वहिनी. खुर्ची ओढून बसले, पिशवीतून काहीतरी काढलं आणि म्हणाले, "वहिनी, आईची पोथी भेटली."

मी म्हटलं, कोणती पोथी? आपल्या सगळ्या पोथ्या तर देवघरातच आहेत.

त्यांनी ते माझ्या हातात दिलं. पोथी कसली, तळहाताहून थोडं मोठं, जाडसर, खिशात मावेल असं पुस्तक. कागद वाळून पापडासारखा झालेला. बर्डीच्या बाजारात फुटपाथवर जुनी पुस्तकं मांडून बसतात त्यांच्याकडे ते नातवासाठी गाईड शोधायला गेले होते, तिथे ढिगात हे सापडलं. मागच्या कव्हरवरचा मजकूर त्यांनी सहज वाचला: शूर कप्तान, त्याचा इमानी सोबती, एकडोळ्या डाकू आणि सोन्याची गुहा. आयुष्यभर आईच्या तोंडून ऐकलेली माणसं एका जागी छापलेली पाहून ते तिथेच उभे राहिले, गाईड राहूनच गेलं. पुढच्या कव्हरवर काय आहे असं मी विचारलं तर जरा अडखळले. एक बाई आहे म्हणाले, एक अजगर आहे. अजगराचं वर्णन त्यांनी बरंच केलं, बाईचं केलं नाही.

रोज दुपारी येऊन वाचून दाखवतो म्हणाले. मी हो म्हटलं. पण त्या पुस्तकात एक पान आहे. त्या पानावर खरोखर काय छापलंय ते मी पन्नास वर्षांत कोणाला सांगितलेलं नाही, आमच्या यांनासुद्धा नाही, आणि आता तर हे जाऊनही सहा वर्षं झाली. ज्या एका माणसानं ते पान वाचू नये असं मला वाटत आलं, तोच माणूस समोर बसून चष्मा पुसत पहिलं प्रकरण काढत होता.

लग्न होऊन मी कळमेश्वरहून इतवारीच्या बाजारपेठेत आले तेव्हा सत्तरच्या दशकाची मधली वर्षं चालली होती. खाली सासऱ्यांची धान्याची अडत, वर आम्ही. सकाळपासून गल्लीत हातठेले, पोती, हमालांच्या आरोळ्या. दुपारी दोन ते चार काय ती थोडी सामसूम. मी मॅट्रिक झालेली आणि वाचनाचं भलतंच वेड असलेली. माहेरी भावानं आणलेल्या रहस्यकथा-साहसकथा मी भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायची, त्यामुळे वडिलांना वाटायचं पोरीला भूगोल फार आवडतो. सासरी मात्र वाचायला म्हणून पंचांग आणि पोथ्या. गल्लीच्या तोंडाशी पानठेल्याला लागून एक लायब्ररी होती. लायब्ररी म्हणजे एक कपाट, एक स्टूल आणि स्टुलावर डुलक्या घेणारा एक म्हातारा. तो सगळ्या पुस्तकांना एकाच जातीचा खाकी कागद घालायचा आणि पानं सुटू नयेत म्हणून कडेनं दाभणानं शिवून टाकायचा. त्यामुळे ओळीतला शिवणीजवळचा शब्द दिसायचाच नाही, तो आपला आपण भरून घ्यायचा. पुढं मी जे काही केलं त्याची सवय मला तिथंच लागली असावी. आमचे हे मला तिथून पुस्तकं आणून द्यायचे आणि मी ती तांदळाच्या डब्यामागे ठेवायची.

एक दिवस फोडणी करपली आणि आत्याबाईंनी मला रंगेहाथ पकडलं. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. त्यांना अक्षरओळख नव्हती. त्यांनी पुस्तक माझ्या हातातून घेतलं, उलटंसुलटं पाहिलं, आणि यात काय लिहिलंय ते वाचून दाखव म्हणाल्या. मला वाटलं, आता आपली परीक्षा. मी भीतभीत वाचलं की कप्तानानं सिगारेट पेटवली आणि नकाशावर बोट ठेवलं. त्यांनी अर्धं पान ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "हातपाय धू अन् बसून वाच. उभ्यानं वाचते का कोणी?"

आत्याबाईंनी जन्मात वाचलेलं म्हणून जे काही ऐकलं होतं ते पोथीच होतं. श्रावणात शेजारची एक मास्तरीण पोथी वाचायची आणि पाच-सहा जणी ऐकायच्या. म्हणजे पुस्तक मोठ्यानं वाचायचं तर त्याची एक रीत असते, एवढं त्यांना पक्कं ठाऊक. आमच्या पुस्तकात देवाचं काही नाही हे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं. यातला एकही माणूस आंघोळ करत नाही, असं त्या म्हणाल्या. पण म्हणून रीत मोडायची नाही. पुस्तक जमिनीवर ठेवायचं नाही, पाटावर ठेवायचं. वाचताना मध्येच उठायचं नाही. एकदा धरलेली पोथी अधुरी सोडायची नाही. दुःखाच्या जागी तर मुळीच थांबायचं नाही. कोणी संकटात असताना पोथी मिटली तर ते संकट वाचणाऱ्याच्या घरी मुक्कामाला येतं. आणि शेवटचा अध्याय झाला की संपली म्हणायचं नाही, पुन्हा पहिल्या अध्यायाच्या चार ओळी वाचायच्या. त्या नियमानं पुढं या पुस्तकाच्या शेवटी डाकूंचा अड्डा उडाल्यावर मी गंभीर चेहऱ्यानं पुन्हा कप्तानाला सिगारेट पेटवायला लावली आणि आत्याबाईंनी हात जोडले.

ज्यांनी असली पुस्तकं वाचली आहेत त्यांना माझी अडचण कळेल. यात प्रत्येक प्रकरण संपतं तेच मुळी संकटात. कप्तान मगरीच्या जबड्यापाशी आणि प्रकरण खलास. पुढचं प्रकरण वाचावं तर तेही असंच कुठेतरी लटकलेलं. तिकडे चार वाजता मामाजींचा, म्हणजे सासऱ्यांचा, चहा खाली जायला पाहिजे. चहाला उशीर झाला की मामाजी जिन्याखालून नुसतं खाकरायचे, त्या खाकरण्याला आम्ही सगळेच भ्यायचो. शेवटी मी पदरची दोन वाक्यं घालायला लागले. मगरीनं तोंड मिटलं, कप्तान काठावर आला, सगळे सुखरूप. आत्याबाई धान्य निवडायचं सूप खाली ठेवायच्या आणि मी चहाला उठायची.

मग जेवणाचा प्रश्न निघाला. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्याबाईंनी मला मध्येच थांबवलं आणि विचारलं, "हे लोक जेवून राहिले का नाही?" मी मागची पानं आठवून पाहिली. बंदर सोडून अकरा दिवस झाले होते. तेवढ्यात कप्तानानं बारा सिगारेटी ओढल्या होत्या, दोनदा फ्लास्कमधून काहीतरी घेतलं होतं, पण अन्नाचा कण कोणाच्या पोटात गेला नव्हता. मी म्हटलं, जेवले ना. काय जेवले? तर सकाळी आमच्याकडे बेसनाचे गोळे घालून गोळाभात झाला होता, तोच माझ्या तोंडून निघाला. कोणी केला? सोबत्यानं केला. बेसन कुठून आणलं? घरूनच बांधून आणलं होतं. वरून फोडणीचं तेल घेतलं का? घेतलं, मी म्हटलं, कप्तानानं दोनदा मागून घेतलं. आत्याबाईंचं समाधान झालं. तेव्हापासून त्या जंगलात रोज स्वयंपाक व्हायला लागला. अजगर मारला त्या दिवशी झुणका-भाकर, एकडोळ्यानं तंबू जाळला त्या दिवशी नुसतीच भाकर आणि जवसाची चटणी.

आता हा सोबती. पुस्तकात त्याला फार काही काम नव्हतं. कप्तानाबरोबर असणारा वीस-एकवीस वर्षांचा पोरगा, दोर आणि कंदील वाहणारा, दर दोन पानांनी "होय, कप्तानसाहेब" म्हणणारा. पण आत्याबाईंचं लक्ष हळूहळू त्याच्यावरच जाऊन बसलं. कप्तानाला गोळी लागली तरी त्यांना काही वाटायचं नाही, सोबत्याच्या पायात काटा मोडला तर त्या मला तो निघाल्याशिवाय पुढं जाऊ द्यायच्या नाहीत. पांघरायला आहे का त्याच्याजवळ? वेळेवर जेवते का? मला आधी याचं हसू यायचं. एका दुपारी मान वर करून पाहिलं तर त्यांचे डोळे भरलेले, आणि मला एकदम कळलं की ही बाई कोणाची चौकशी करते आहे.

आमच्या घरातलाही एक मुलगा बेपत्ता होता. माझे धाकटे दीर, हेच भाऊजी. मी त्यांना तेव्हा पाहिलेलंही नव्हतं, माझ्या लग्नाच्या चार महिने आधी ते घरातून गेले होते. बी.कॉम.ला नापास झाले आणि घरी पास झालो म्हणून सांगितलं. मामाजींनी हौसेनं अख्ख्या गल्लीत पेढे वाटले. मग कुठेतरी नोकरीला चिकटवायला म्हणून मार्कशीट मागितली तेव्हा खरं बाहेर आलं. मामाजींनी दुकानात, हमालांसमोर, तोंड दाखवू नको म्हणून सांगितलं. मुलगा अंगावरच्या कपड्यांनिशी गेला. त्यानंतर घरात फर्मान निघालं की त्याचं नाव काढायचं नाही आणि त्याला शोधायला जायचं नाही. जो आपल्या पायानं गेला तो आपल्या पायानं येईन, हे मामाजींचं वाक्य. गल्लीत लोक काहीबाही बोलायचे. कोणी म्हणे मुंबईला गेला, कोणी याहून वाईट बोलायचे आणि आत्याबाई दिसल्या की गप्प व्हायचे. वर्ष उलटून गेलं होतं. आपलं पोर जिवंत आहे का, हे त्या आईला घरात कोणाला विचारायची सोय नव्हती. म्हणून ती मला सोबत्याचं विचारायची.

मी स्वभावानं उतावीळ. एका सकाळी गॅसवर दूध ठेवून मी पुढची प्रकरणं चाळली आणि ते पान आलं. दरीवर दोर बांधून सगळे पलीकडे जातात. सोबती शेवटचा. मग अशा ओळी: दोर तुटला. एक किंकाळी दरीत घुमली. कप्तानानं क्षणभर टोपी काढली आणि म्हणाला, पुढे चला.

एवढंच. मी पुढं शोधलं, कुठे त्याचं नावही परत नाही. दूध ओट्यावर उतू जात होतं आणि मी त्या लेखकाला मनातल्या मनात शिव्या घालत होते. सतरा प्रकरणं ज्या पोरानं कंदील वाहिला, त्याला मेल्या तुझ्याकडे दीड ओळ? आणि मग लक्षात आलं की हे उद्या मला मोठ्यानं वाचायचं आहे. पुस्तक हरवलं म्हणावं तर पोथी अधुरी राहते. जसं आहे तसं वाचावं तर आत्याबाई काय अर्थ घेतील ते मला स्पष्ट दिसत होतं. पोथी खोटं सांगत नाही यावर त्यांचा भरवसा होता. आणि खोटं वाचावं तर पोथीत खोटं घालणं हे पाप, निदान त्यांच्या लेखी तरी. मी एकोणीस वर्षांची होते, सल्ला विचारायला कोणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्या तुरीची डाळ निवडत बसल्या होत्या. मी वाचत गेले. दोर तुटला, हे मी वाचून गेले. किंकाळी घुमली, तेही गेलं तोंडातून. सुपावरचा त्यांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, डाळीकडेच पाहत राहिल्या. मी पान उलटलं. खरं तर पान अजून अर्धं बाकी होतं, पण त्या कप्तानाच्या टोपीवर डोळा ठेवून मला दुसरं काही बोलता आलं नसतं. मग मी वाचल्यासारखं म्हटलं की दरीच्या कडेला एक जुनं मोहाचं झाड होतं. त्याच्या फांदीत सोबती अडकला. जीव वाचला, पण पाय मुरगळला, आपला आपण खाली उतरू शकेना. खाली मोहफुलं वेचणारी एक म्हातारी होती, तिनं त्याला काठीच्या टोकाला बांधून भाकर दिली. आफ्रिकेच्या जंगलात मोहफुलं कुठून आली, हे तेव्हा मला सुचलं नाही आणि आत्याबाईंनीही विचारलं नाही.

त्या उठल्या. डाळ सांडली. देवघरातून गुळाचा खडा आणून पाटावर ठेवला, त्यातला चिमूटभर माझ्या हातावर दिला. मला वाटलं झालं, सुटले. पण त्यांनी पदर खोचला आणि जिना उतरायला लागल्या. धंद्याच्या वेळी त्यांना दुकानात जाताना मी आल्यापासून एकदाही पाहिलं नव्हतं. मी मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत गेले आणि कठडा धरून उभी राहिले. गादीवर मामाजी, समोर दोन गिऱ्हाईकं, दारात हमाल. आत्याबाईंचा आवाज चढलेला नव्हता. त्या म्हणाल्या, "झाडाले अडकलेला माणूस आपल्या पायानं कसा येईन? कोणाले तरी जा लागन ना."

गिऱ्हाईकांना काही कळलं नाही. मामाजींना ते झाड कोणतं हे कळायचं कारणच नव्हतं. पण आपल्याच वाक्याला हे उत्तर आहे एवढं त्यांना कळलं असावं. ते बराच वेळ हातातल्या तांदळाच्या नमुन्याशी खेळत राहिले. मग खाली मान घालून म्हणाले, "कुहीले हाये. राईस मिलवर."

त्यांना माहीत होतं. तिसऱ्याच महिन्यात त्यांना कळलं होतं. कुहीच्या ज्या मिलवाल्याचा तांदूळ आमच्या अडतीवर यायचा त्यानंच सांगितलं होतं की तुमचा मुलगा माझ्याकडे कामाला आहे. मुंबई नाही, काही नाही, दीड-दोन तासांच्या वाटेवरचं कुही. आणि हा माणूस वर्षभर रोज बायकोच्या हातचं जेवून उठत होता आणि पोरगा स्वतः येईल म्हणून वाट पाहत होता. मला त्या क्षणी मामाजींचा जेवढा राग आला तेवढा पुन्हा कोणाचा आला नाही. पुढं माझी मुलं मोठी झाली, अबोला धरायला लागली, तेव्हा मामाजी मला थोडे कळले, पण थोडेच. आत्याबाई रागावल्या नाहीत, रडल्या नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "जेवते का तो?"

मामाजींना ते माहीत नव्हतं. ते त्यांनी कधी विचारलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीनं आमचे हे कुहीला गेले. बरोबर डबा होता: भाकर, वांग्याचं भरीत, जवसाची चटणी. संध्याकाळी दोघं भाऊ आले. माझ्या दिराला मी पहिल्यांदा पाहिलं ते तेव्हा. काटकुळा, केसांत तांदळाचा कोंडा, खांद्यावर एक पिशवी. त्यांनी मामाजींच्या पायाला हात लावला. मामाजींनी उद्या दुकान नऊला उघडतं एवढंच सांगितलं आणि आत जाऊन बराच वेळ तोंड धुतलं. आत्याबाईंनी गोळाभात केला होता. त्या वाढत होत्या आणि मोहाच्या झाडाची सगळी हकिकत सांगत होत्या. पोथीत निघालं म्हणून तुला आणलं, असं त्या म्हणाल्या. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून ऐकत होते आणि माझे कान तापले होते.

मामाजींशी त्या पुढं पोळ्याच्या सणापर्यंत बोलल्या नाहीत. ताट मात्र रोज वेळेवर वाढलं. पुस्तक मी लायब्ररीत परत पाठवलं, पुढं म्हातारा गेला आणि लायब्ररीच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान येईपर्यंत काय काय येऊन गेलं. पण आत्याबाई होत्या तोवर दर सणाला, भाऊजी पानावर बसले की, ते झाड निघायचं. भाऊजींच्या बायकोनं ते ऐकलं, मुलांनी ऐकलं. प्रत्येक वेळी मी काहीतरी आणायला आत जायची.

आणि आता भाऊजी वाचत होते. पन्नास वर्षांनी ते पुस्तक ऐकताना मला आधी तर लाजच वाटली. याच्यासाठी आपण फोडण्या करपवल्या? एका पानावर तीन-तीन उद्गारचिन्हं. पिस्तूल सहा गोळ्यांचं आणि कप्तान त्यातून अकरा झाडतो. कव्हरवरची बाई पुस्तकभर फक्त बेशुद्ध पडते, शुद्धीवर येते ती पुन्हा बेशुद्ध पडायला. जंगलातल्या लोकांबद्दल तर असं लिहिलंय की ऐकवत नाही. मला आठवलं, आत्याबाईंनी तेव्हाच विचारलं होतं की त्यांच्या गावात न विचारता आपणच शिरलो ना, मग ते कसे वाईट? मी घाईनं पुढची ओळ वाचायला घेतली होती. भाऊजींना या कशाचं काही नाही. अडतीवरचा माणूस, त्यांचं लक्ष सोन्याच्या पेट्यांवर. एवढं वजन दोन माणसं उचलूच शकत नाहीत, कमीत कमी चार हमाल लागतील, असं म्हणून ते वाचायचे थांबले.

तरीसुद्धा तिसऱ्या दिवसापासून मी दोन वाजायची वाट पाहायला लागले, हे खरं. एकडोळ्या कड्यामागे दबा धरून बसला की माझी बोटं अजूनही पांघरूण घट्ट धरतात. वाईट लिहिलेलं पुस्तकही माणसाला धरून ठेवतं, आणि चांगल्या लिहिलेल्या कितीतरी पुस्तकांना ते जमलेलं नाही. एकच गोष्ट सारखी खटकत होती. मला लख्ख आठवत होतं ते काहीच येत नव्हतं. तीन दगडांची चूल नाही, कप्तानानं मागून घेतलेलं तेल नाही. पाचव्या दिवशी भाऊजीच म्हणाले की वहिनी, यात कोणी जेवतच नाही. आई तर सांगायची की रोज जेवायचे. मी म्हटलं, जुनं पुस्तक आहे, पानं गळाली असतील. त्यांनी पानांचे आकडे पाहिले असावेत, कारण दोन-तीन पानं मागेपुढे उलटल्याचा आवाज आला.

अठरावं प्रकरण नवव्या दिवशी आलं. सकाळपासून माझा जीव थाऱ्यावर नव्हता. आज डोळा दुखतोय म्हणून सांगावं असं मनात आलं. मग वाटलं, सत्तरीचा माणूस आहे, त्याला काय होणार? पण मला माहीत होतं काय होणार ते. आपल्या आईनं आपल्याला कशाच्या जोरावर घरी आणवलं, ते कुठे लिहिलेलंच नव्हतं, हे त्यांना कळणार. आत्याबाई जन्मभर ज्याला पोथी म्हणाल्या तिच्यात त्यांचा मुलगा मेलेला आहे, हे त्यांना कळणार. आणि मी त्या माउलीला फसवलं, हेही.

भाऊजींनी चहा अर्धा टाकला आणि वाचायला घेतलं. दरी आली. दोर बांधला. एकेक जण पलीकडे गेला. माझ्या डोळ्यावर हिरवी पट्टी, मी उशीला टेकून बसलेली, कानच काय ते उघडे. त्यांनी सावकाश वाचलं, "दोर तुटला. एक किंकाळी दरीत घुमली." आणि थांबले.

बाहेर भाजीवाला ओरडत गेला. त्यांनी चष्मा काढून खुर्चीच्या हातावर ठेवल्याचं मला ऐकू आलं. मग पान उलटल्याचा आवाज आला. पण पान अजून अर्धं बाकी होतं, ते माझ्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

"दरीच्या कडेला एक जुनं मोहाचं झाड होतं," भाऊजी वाचायला लागले. चष्म्याशिवाय त्यांना एक अक्षर दिसत नाही. "त्याच्या फांदीत सोबती अडकला. जीव वाचला." पुस्तकातलं वाचावं तसंच ते वाचत होते, कुठेही न अडखळता. पाय मुरगळल्याचं आलं. मोहफुलं वेचणारी म्हातारी आली. आत्याबाई सांगायच्या त्यातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही.

माझी पट्टी ओली झाली, डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लागू देऊ नका म्हणून सांगितलं होतं. बोलायला हवं होतं, माफी मागायला हवी होती, पण दुःखाच्या जागी थांबायचं नसतं.

मी विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला नं वहिनी," भाऊजी म्हणाले. "तुमचा गोळाभात जेवला."